अनोळखी काकाचा सिनेमा

आधीच सांगते, माझं अक्षर वाकडं आहे. वेलांटी कुठे पहिली आणि कुठे दुसरी, हे मला चौथीत असतानाही उमगलं नव्हतं, आता कुठून उमगणार. चौथीनंतर शाळा सुटली आणि हाताला पेनापेक्षा पळीची सवय झाली. म्हणून कोणाच्या हाती हे कागद लागलेच तर चुका पोटात घालाव्या. लागू नयेत असंच वाटतं. धाकटीच्या जुन्या वहीतली कोरी पानं फाडून लिहायला बसले आहे, आणि दारात चाहूल लागली की पानांवर तांदूळ पाखडायचं सूप ठेवते.

लिहायचं कारण असं. परवा अंगणवाडीतल्या नव्या ताई म्हणाल्या, हा डबडा टीव्ही काढून टाकू, भंगारवाला येणार आहे. त्यांचं बरोबर आहे. आता लेकरांना दाखवायचं ते सगळं मोबाईलवर येतं. पण तेव्हापासून माझं मन एका जागी बसत नाही. काल खिचडी खाली लागली. सुशीलाताई असत्या तर म्हणाल्या असत्या, "रंजू, ध्यान कुठी हाये तुयं?"

सुशीलाताई आमच्या अंगणवाडीच्या सेविका होत्या आणि मी तिथली मदतनीस. मदतनीस म्हणजे लेकरांना घरून बोलावून आणायचं, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, झाडलोट करायची. आमचं गाव अल्लीपूरकडून आत वळलं की लागतं. नाव लिहीत नाही. गाव लहान आहे आणि यातली माणसं अजून आहेत.

ताई उंच, काटक. पदर कमरेला घट्ट खोचलेला, आणि चाल अशी की पुढची एसटी सुटून चालली आहे. अंगणवाडीत एकच खुर्ची होती, पण ताई तिच्यावर बसलेल्या मला आठवत नाहीत. वजनाचा काटा, पाटीपेन्सिलींचा डबा असलं काहीतरी तिच्यावर ठेवलेलं असायचं. बाया हसायच्या, "ताई, बुडाखाली काटे हायेत का वो?" ताई म्हणायच्या, "काटे नाई, लेकरं हायेत." लेकरं मोजायची त्यांची पद्धत निराळी होती. आकडे म्हणत मोजायच्या नाहीत. प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून नाव घ्यायच्या. सगळ्यांची डोकी झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. कारण शेवटच्या डोक्यापर्यंत पोचेस्तोवर पहिलं डोकं सरकलं असलं तर? त्यांच्या शेजारी काम करताना मीही मनात नावं घेत राहायची. एखादं पोट्टं लघवीला गेलं आणि यायला उशीर झाला की आम्ही दोघी दाराकडे बघायचो.

लोक म्हणायचे, या बाईचं एखादं लेकरू गेलं असावं, विहिरीत किंवा आगीत, म्हणून ही अशी. मी एकदा भीतभीत विचारलं. ताई तांदूळ निवडत होत्या, उभ्यानेच.

"नाई वो. माये दोन्ही पोरं नागपुरात खाऊनपिऊन सुखी हायेत."

"मग एवढं काऊन भेता?"

"भ्यायसाठी काही व्हावंच लागते का?"

 

आमच्याकडे सगळा कापूस. फवारणीचे दिवस आले की घराघरात औषध येतं, आणि पुष्कळ घरांत ते थोडं थोडं थंड्याच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवतात. ताई त्या दिवसांत घरोघर फिरायच्या. चहाला या म्हटलं तरी चहा घ्यायच्या नाहीत. सरळ आत जाऊन भिंतीतल्या दिवळ्या बघायच्या, बाटल्यांची झाकणं उघडून वास घ्यायच्या. महादेवभाऊच्या घरी एकदा अशी बाटली सापडली. ताईंनी ती उचलली, घरामागे खड्डा केला आणि ओतून टाकली. महादेवभाऊ धावत आले.

"वो ताई! पैशाचं औषध होतं ते!"

"मंग औषधाच्या डब्यात ठेवा. थंड्याच्या बाटलीत ठेवून लेकराले बलावता कायले?"

"माया घरचं पोट्टं काय येडं हाये?"

"येडं नाई. एखाद्या दिवशी तहानलेलं असन."

महादेवभाऊ पंधरवडाभर बोलले नाहीत. पण पुढच्या फवारणीला त्यांच्या घरात कुलूपवाली पेटी आली. ती त्यांनी ताईंना मुद्दाम रस्त्यात थांबवून दाखवली, शिवी द्यावी तशी.

आता सिनेमाचं सांगते. ताई लहान असताना त्यांच्या गावी शाळेच्या मैदानात सरकारी गाडी यायची आणि पडद्यावर सिनेमे दाखवायची. त्यात लेकरांना जपण्याचा एक सिनेमा होता. तो ताईंच्या डोक्यात बसला होता. पुढे नोकरी लागल्यावर एका प्रशिक्षणाला त्या वर्ध्याला गेल्या, तिथल्या कपाटात तोच सिनेमा सीडीवर धूळ खात पडला होता. मागून आणला. रंग इतके उडालेले की सगळ्यांची तोंडं जांभळी दिसायची. दोन वेण्यांची एक पोरगी आहे, ती पूर्ण सिनेमाभर नाना संकटांतून जाते. बिनकठड्याच्या विहिरीत वाकते, जळत्या स्टोव्हजवळ खेळते, भलत्या बाटलीला तोंड लावायला जाते, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी तिला ओढून घेतं. शेवटी पांढऱ्या बुटांचा, काळ्या चष्म्याचा एक माणूस मोटार घेऊन येतो आणि तिला गोड गोळी दाखवतो. ती दोन पावलं पुढे जाते, मग थांबते, आणि असं काही ओरडते की झाडावरचे पक्षी उडतात. मध्ये मध्ये एक बाई अगदी शुद्ध बोलते, "बाळांनो, अनोळखी काकांकडून खाऊ घ्यायचा नाही."

आमच्या लेकरांची इथेच गडबड झाली. आमच्या गावात अनोळखी कोणी नसतंच. जो दिसेल तो काका, मामा, नाहीतर आबाजी. आमच्याकडे आजोबाला आबाजी म्हणतात, आणि गावातला प्रत्येक म्हातारा प्रत्येक लेकराचा आबाजी असतो. तसं शिकवतोच आपण. नाव घेतलं तर टपली मारतो. म्हणून लेकरांना वाटलं, जसा एक बबनकाका, एक देवरावकाका, तसा हा एक अनोळखीकाका. त्याचं नावच अनोळखी. ती आपसांत खेळ खेळायची, एकाने डोळ्यांवर बोटांचा चष्मा धरायचा आणि बाकीच्यांनी "अनोळखीकाका आला बे!" करून पळायचं.

एकदा सावंगीच्या दवाखान्यातली शिकाऊ डॉक्टर मंडळी तपासणीला आली. त्यात एक गोरा पोरगा होता, उन्हाचा काळा चष्मा लावलेला, आणि नशीब असं की बूटही पांढरे. तो दारातून आत येताच सगळी अंगणवाडी किंचाळत मागच्या खिडकीकडे पळाली. दोघं तर माझ्या साडीत शिरली. बिचाऱ्याने खिशातून चॉकलेट काढलं, तेव्हा तर विचारूच नका. ताई हसत होत्या, पण त्याला म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, चष्मा काढा आणि ते चॉकलेट मले द्या. आज तुमी आमची परीक्षा घेतली, सारे पास झाले."

तो गेल्यावर मात्र त्यांचं हसणं लवकर संपलं. म्हणाल्या, "रंजू, हे चष्म्याले भ्याले. माणसाले नाई."

या टीव्हीचे पैसे आबाजींनी दिले होते. गावात आबाजी पुष्कळ, पण नुसतं आबाजी म्हटलं की ते एकच. पांढरा सदरा, खिशात पेपरमिंट. मूलबाळ नाही, वावर भरपूर. देवळाची घंटा त्यांनी दिलेली, हापशीचा ओटा त्यांनी बांधलेला, आणि जिथे जे दिलं तिथे त्यांचं नाव रंगवलेलं. टीव्हीवरही होतं, ‘सप्रेम भेट’ असं लिहून. खरं म्हणजे ताईंनी पैसे उसने मागितले होते. आबाजी म्हणाले होते, देजो सवडीनं. नंतर पेंटर आला आणि उसन्याची भेट झाली. ताईंना ते खटकलं होतं, पण फुकट मिळालेल्या गोष्टीवरून भांडायचं कसं?

घर त्यांचं अंगणवाडीच्या समोरच. शुक्रवारी सिनेमा लावला की सुरुवातीची बासरी ऐकून ते यायचे आणि एकुलत्या खुर्चीवर बसायचे. ताई वजनाचा काटा खाली ठेवायच्या. आबाजी लेकरांना मांडीवर घ्यायचे, पेपरमिंट वाटायचे. अंगणवाडीच्या बैठकीला, झेंडावंदनाला, सगळीकडे ते टीव्हीवाले म्हणून पुढे. कोणाला त्यात काही वाटायचं नाही. मलाही नाही.

मग तो शुक्रवार आला. आबाजी हिंगणघाटला कापूस घेऊन गेले होते, म्हणून खुर्ची रिकामी होती. सिनेमात मोटार आली. गीताची चिमी, पाचेक वर्षांची असेल, पुढे बसली होती. गीता आबाजींच्याच वावरात कामाला. चिमी आपणहून म्हणाली, "अनोळखीकाका चांगला हाये."

पोट्टे हसले. ताई म्हणाल्या, "काऊन वो माय? तो तं धरून नेते लेकराले."

"त्याच्या गाडीले काचा हायेत. बाहेरून दिसते. आबाजी दार लावते."

ताईंनी बटण दाबलं. पडद्यावर तो चष्मेवाला हात पुढे करून थांबला. ताईंचा आवाज बदलला नाही. चिमीची सुटलेली रिबीन बांधायला घेतली आणि बांधता बांधता विचारलं, "मंग तू काय केलं?"

"ओरडली. सिनेमातल्या पोरीवानी."

"मंग?"

"मंग त्याईनं कडी काढली. म्हने, येडी हायेस का वो, आंबा देतो म्हटलं त."

"आंबा देल्ला?"

"नाई."

"बरं केलं ओरडली ते. लय बरं केलं." एवढं बोलून ताई लेकरांच्या मध्ये चटईवर बसल्या.  लेकरांनाही ते नवीन होतं, दोघं तिघं लगेच त्यांच्या पाठीवर चढली.

त्याच संध्याकाळी आम्ही गीताकडे गेलो. गीताने ऐकलं आणि आधी चिमीच्या गालावर एक लावून दिली. "मोठ्या माणसाबद्दल असं बोलते?" दुसरी लावायला हात उचलला तेव्हा ताईंनी तो वरच्या वर धरला.

"मारशीन तर पुढच्या वेळी ओरडणार नाई ते."

गीता रडायला लागली. "ताई, आमचं सारं त्याईच्याच वावरात. तुमाले माहीत हाये. आणि काही झालं तं नाई ना?"

"झाल्यावर येऊ का मंग?"

पुढे हे वाक्य ताईंना किती ठिकाणी बोलावं लागलं! सरपंचीण बाई आहे, पण बोलतो तिचा नवरा. तो म्हणाला, "म्हातारा माणूस. लेकराइचा नाद हाये त्याले. आणि काही झालं नाई ना? कडी लागली असन वाऱ्यानं."

"वाऱ्यानं दार लागते भाऊ, कडी नाई लागत."

वरच्या मॅडमना सांगितलं, त्यांनी लेखी मागितलं, ताईंनी दिलं. पोलीस ठाण्यातही जाऊन आल्या. त्यांनी बसवलं, पाणी दिलं, मुलीच्या आईला घेऊन या म्हणाले. गीता आली नाही. आठच दिवसांत तिने चिमीला आष्टीकडे आपल्या आईच्या घरी पोचवून दिलं, आणि गावाला वाटलं विषय संपला. काही लोक ताईंच्या वस्तीचं नाव घेऊन बोलले, आमच्या माणसावर बोट दाखवायची यांची हिंमत कशी. ते शब्द मी लिहीत नाही. ताई बौद्ध वस्तीतल्या, एवढं सांगितलं म्हणजे समजेल. त्यांच्या वस्तीतलेही म्हणाले, जाऊ द्या ताई, नोकरीचे थोडे दिवस राहिले. ताई दोघांचंही ऐकून घ्यायच्या आणि लेकरांच्या डोक्यांवर हात ठेवत पहिल्यापासून सुरू करायच्या.

पुढच्या शुक्रवारी बासरी वाजली आणि आबाजी आले. मला वाटलं होतं येणार नाहीत. आले, हसले, खुर्चीकडे गेले. ताई खुर्चीसमोर उभ्या राहिल्या.

"आबाजी, आजपासून मोठ्या माणसाइले आत बसू देत नाई."

"मी कुठी मोठा माणूस? मी तं टीव्हीवाला." आणि दारातल्या बायांकडे बघून म्हणाले, "पाहा वो, माया टीव्ही आणि मलेच उठवते!" बाया हसल्या. हसण्यासारखंच बोलले ते. ताईंनी वायर काढली, टीव्हीवर चादर टाकली. लेकरं रडायला लागली, आणि सगळ्यांना दिसलं काय, तर ताईंनी लेकरांना रडवलं.

त्या दिवशी भांडी घासताना त्या मला म्हणाल्या, "रंजू, हा पैशाच्या जोरावर आत येऊन राह्यला. ते पैसे त्याच्या हातावर ठेवले का मंग तो कोण? गावातला एक बुढा. मंग दारातून परत पाठवता येते."

एवढं सोपं होतं त्यांच्या मनात. मानधन आमचं तुम्हाला माहीत असेल, तेही वेळेवर येत नाही. पोरांना मागितले असते तर दिले असते, पण पोरं विचारतील कशाला, म्हणून मागितले नाहीत. सुट्टीच्या दिवशी ताई कापूस वेचायला जायला लागल्या, या वयात, वाकून. रात्री गोधड्या शिवायच्या. पैसे जमले तसे आधी अर्धे घेऊन गेल्या. आबाजींनी हात मागे बांधले. "भेट का कोणी परत घेते? लोक काय म्हंतीन मले?" ताई ओसरीवर ठेवून आल्या, तर गड्याच्या हाती पैसे परत, सोबत संत्र्यांची पिशवी. संत्री ताईंनी शेळ्यांना घातली. पैसे जपून ठेवले आणि उरलेल्यांच्या मागे लागल्या.

मधल्या काळात सिनेमाचं काय, तर बासरी वाजली की आबाजी यायचे. म्हणून ताईंनी आवाजच बंद केला. दार उघडं, पण टीव्ही मुका. आणि मग त्या बाईच्या जागी ताई स्वतः बोलायला लागल्या, हळू आवाजात, आपल्या बोलीत. विहीर आली की आमच्या गावच्या विहिरीचं नाव, बाटली आली की महादेवभाऊची पेटी. मोटार आली तेव्हा त्यांनी त्या चष्मेवाल्यावर बोट ठेवलं.

"पोट्टेहो, याचं नाव अनोळखी नाई. ते चुकीचं सांगत होती ते बाई. हा कोणीबी असू शकते. आपल्या ओयखीचा बी."

"बबनकाका बी?"

"बी."

"आबाजी?"

"आबाजी बी. ही रंजूबाई बी. मी बी. जो दार लावते आणि म्हंते कोणाले सांगू नोको, तो हा. त्याले चष्मा नसन, बूट नसन."

माझं नाव घेतलं तेव्हा लेकरांनी माझ्याकडे वळून असं बघितलं की मी पळी खाली ठेवली.

"मंग काय करायचं?" ताईंनी विचारलं, आणि सगळ्या अंगणवाडीने दाखवून दिलं. छपरावरची चिमणी उडाली. शेजारपाजारच्या बाया धावत आल्या, एकीच्या हाताला कणीक, एकीच्या केसांत अर्धा कंगवा. काय झालं, काय झालं! काही नाही, सिनेमा चालू आहे. दुसऱ्या शुक्रवारी कमी बाया आल्या. तिसऱ्याला कोणीच आलं नाही. ताई दारात जाऊन रस्त्याकडे बघत राहिल्या. परत आल्या तेव्हा तोंड उतरलेलं.

"लोकाइले सवय होऊन राह्यली, रंजू. हे नाई चालत."

तेव्हापासून नियम झाला की ओरडणं राखून ठेवायचं, नुसता सराव करायचा. तो सराव डोळ्यांसमोरून जात नाही. टीव्हीवर ती पोरगी मुकी ओरडते आहे, आणि समोर एवढीशी लेकरं तोंडं मोठी उघडून, गळ्याच्या शिरा ताणून, आवाज न काढता बसली आहेत. मला ते बघवायचं नाही. मी चुलीकडे तोंड करायची.

ताईंची निवृत्ती जवळ आली तशी त्यांची चाल अजून वाढली. "मी गेली का तो पुन्हा येऊन बसन. नवी पोरगी येईन, तिले काय माहीत? लोक सांगतीन, हे टीव्हीवाले आबाजी, यायले खुर्ची दे." पैसे आता पुरे जमले होते. ताई सरपंचीणबाईच्या नवऱ्याला घेऊन आबाजींकडे गेल्या. आबाजींनी हात जोडले. "माया जिवात जीव हाये तोवर दिलेलं परत घेणार नाई." चार लोक म्हणाले, काय मन आहे माणसाचं. ताई पैसे घेऊन परत आल्या. मी दार लावायला उठले तर म्हणाल्या, "राहू दे उघडं."

याच सुमारास एक गंमत झाली. गंमत म्हणून लेकरानेच सांगितली. गीताच्या शेजारचा लहानगा आबाजींच्या अंगणात चेंडू आणायला गेला होता. आबाजी म्हणाले, आत ये, पेपरमिंट देतो. पोट्टं उंबऱ्याबाहेर उभं राहून मोठ्याने म्हणालं, "दार उघडं ठेवा, मंग येतो." आबाजींची बायको ओसरीवर डाळ पाखडत होती.

"मंग?" ताईंनी विचारलं.

"मंग आबाजी म्हने, जाय घरी. आणि मोठीआईनं डाळ सांडवली."

मोठीआई म्हणजे आबाजींची बायको. सगळं गाव तिला तसंच म्हणायचं. जाड, गुडघ्यांनी बेजार. त्या घरात सून म्हणून आल्यापासून ती एकटी रस्त्यावर आलेली कोणी पाहिली नव्हती. बोलायची कमी. आबाजी काही म्हणाले की मान हलवायची.

ताईंच्या नोकरीचा शेवटचा दिवस शिधावाटपाचा होता. लहान लेकरांच्या आया आणि गरोदर बाया पिशव्या घेऊन दारात बसल्या होत्या. ताईंनी सकाळपासून मला दहा गोष्टी सांगितल्या, त्याच पुन्हा सांगितल्या. मागच्या खिडकीची कडी ढिली आहे. हापशीवर एकट्याला पाठवू नको. नव्या बाईला सगळं सांगजो, लाजू नोको. मी हो हो म्हणत होते आणि मला वाटत होतं, मी कुठलं सांगणार, मला चारचौघांत नाव सांगता येत नाही.

तेवढ्यात बायांची कुजबुज थांबली. समोरच्या घरातून मोठीआई येत होती. अनवाणी, एक हात भिंतीला धरून. रस्ता दहा पावलांचाही नाही, पण तिला वेळ लागला. बाया आपोआप सरकल्या. ती आत आली, खुर्चीवरचा काटा तिने स्वतः उचलून खाली ठेवला आणि बसली. दम खाल्ला.

"सुशीला, ते पैसे हायेत का अजून?"

"हायेत."

"आण."

ताईंनी पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढून तिच्या मांडीवर ठेवली. मोठीआईने गाठ सोडली. अंगठा जिभेला लावून एक एक नोट मोजायला लागली, ओठ हलवत. दारात एवढ्या बाया, कडेवर लेकरं, सगळ्यांचे डोळे नोटांवर. मोजून झालं, तिने पुन्हा मोजलं. मग एक नोट वेगळी काढून ताईंपुढे धरली.

"हे जास्त हाये."

"व्याज हाये ते, मोठीआई. इतके दिवस लागले."

"व्याज नोको. व्याज घेतलं तं येणंजाणं राह्यते."

ताईंनी नोट घेतली. मोठीआईने बाकीचे पैसे पदराच्या टोकाला बांधले, गाठ दातांनी आवळली, आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली. दाराशी थांबून ती बायांना म्हणाली, मला तरी तिचा एवढा मोठा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला, "आयका वो बायाहो. टीव्हीचे पैसे आमाले पोचले. पुरे पोचले. आता आमच्या घरचं कोणी इथं येऊन बसलं तं उठवून द्या."

गीता कडेवरचं लहान घेऊन त्या बायांत होती. तिने आधी मोठीआईकडे बघितलं, मग समोरच्या घराकडे. तिथे ओसरीवर आबाजी उभे होते.  मोठीआई त्यांच्या बाजूने न बघता आत निघून गेली आणि पदराची गाठ तिने मुठीत तशीच धरलेली होती. इकडे ताई ती एक जास्तीची नोट हातात घेऊन खुर्चीजवळ उभ्या होत्या, आणि देणं सगळं फिटलं होतं.